थंडीतला घाम

निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं होतं की आता कुणाची परीक्षा घेणार नाही. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात आणि त्यांना प्रश्न विचारण्यात आयुष्य गेलं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघीच राहतो. तीही बँकेतून निवृत्त झालेली. सकाळी फिरायला जायचं, येताना भाजी आणायची, दुपारी वाचत पडायचं, असं बरं चाललं होतं.

मग एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सिंहस्थ तोंडावर आला होता, शहरातले रस्ते उकरून ठेवलेले होते आणि आजूबाजूच्या गावांतल्या लहानमोठ्या अ‍ॅम्ब्युलन्सही कामाला लागणार होत्या. त्यांच्यावरच्या माणसांना निदान प्राथमिक गोष्टी येतात की नाही, ते आधी तपासून घ्यायचं ठरलं होतं. ते काम तिच्याकडे आलं होतं.

"मॅडम, तुमच्यासमोर कुणाला थापा मारता येत नाहीत," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

बहीण म्हणाली, "घरात करमत नाही, हे सरळ सांग ना."

परीक्षा नाशिकरोडच्या बाजूला, पुणे रस्त्यालगतच्या एका जुन्या हॉलमध्ये होती. सकाळी लेखी पेपर. त्यानंतर एकेका गाडीची जोडी समोर बसवून तोंडी प्रश्न, आणि शेवटी जमिनीवर ठेवलेल्या रबरी पुतळ्याची छाती, हृदय बंद पडल्यावर दाबतात तशी, दाबून दाखवायची. जोडी म्हणजे गाडी चालवणारा, त्याला सगळे पायलट म्हणतात, आणि मागे पेशंटजवळ बसणारा मदतनीस. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते ते लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले सुभेदार. देवळालीला राहायचे, स्कूटरवर यायचे, आणि वेळेच्या बाबतीत फार कडक होते.

पुतळे रात्री धूळ बसू नये म्हणून चादरींनी झाकून ठेवलेले असत. पहिल्या दिवशी मी हॉलचं दार उघडलं आणि क्षणभर तशीच उभी राहिले. ओळीने पडलेल्या त्या चादरींखाली माणसंच आहेत असं वाटलं. वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला असं वाटू नये. पण वाटलं खरं.

पहिले काही दिवस उत्तरं ऐकून मी हादरत होते. बेशुद्ध माणसाला काय कराल? "तोंडात थोडं थोडं पाणी घालतो." साप चावला तर? "वर दोरी बांधतो, करकचून." फवारणीचं औषध कुणी प्यायलं असेल तर? "मिठाचं पाणी पाजायचं. उलटी झाली की विष बाहेर." मी सगळ्यांना समजावून सांगत होते. बेशुद्ध माणसाला पाणी दिलं की ते फुप्फुसात जातं. दोरी आवळली की हात जातो आणि विष काही थांबत नाही. उलटी काढायला गेलं की तेच औषध परत गळा जाळत येतं आणि श्वासनलिकेतही उतरतं. ते माना डोलवायचे, काही जण मनापासून लिहून घ्यायचे.

पहिल्या संध्याकाळी घरी चहा पिताना माझ्या लक्षात आलं की ही माणसं अंदाजाने बोलत नव्हती. आजवर जे करत आली होती, तेच सांगत होती. मिठाच्या पाण्याचं सांगणारा पायलट पुढे सहज म्हणाला होता, "उलटी तर बक्कळ काढली होती मॅडम. पण घोटीच्या अलीकडंच गेला." मी तेव्हा पुढचा प्रश्न विचारला होता. त्यानंतर कुठलंही चुकीचं उत्तर आलं की ते कुणावर तरी होऊन गेलंय, हे मनातून जाईना. समोरच्या माणसाच्या खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग सोड ते काम." पण सोडवत नव्हतं. रात्री-अपरात्री, ज्या वस्तीवर दुसरं कुणी जात नाही तिथे ही माणसं जात होती. शिकवलं कुणी होतं त्यांना?

तो दिवस जानेवारीतला. नाशिकची थंडी त्या आठवड्यात चांगलीच पडली होती. हॉलला खिडक्या मोठ्या, काचा काही फुटलेल्या. सगळे स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून बसले होते. मीही शाल काढली नव्हती. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला होता तेव्हा एक जोडी धावतपळत आली. उशीर झाल्यामुळे सुभेदारांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मग मान हलवून बसायला सांगितलं.

पायलट पन्नाशीचा, सावळा, भरदार मिशांचा. सिन्नरच्या पुढे असलेल्या एका गावच्या ट्रस्टची गाडी तो चालवायचा. त्याची मदतनीस तिशीतली बाई, माहेर विंचूरचं, अंगाने किरकोळ. ती त्याला नाना म्हणत होती. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी "या नाना" म्हणून हात वर केला, म्हणजे माणूस ओळखीचा होता. मीही मग त्याला नानाच म्हणत गेले.

थोड्या वेळाने मी बाकांमधून फिरायला निघाले. नानाने स्वेटर काढून मांडीवर ठेवला होता. त्याच्या शर्टाची पाठ ओली होती. मी थांबले. कपाळावर, कानामागे, मिशीच्या टोकांना घामाचे थेंब. त्याच्या शेजारी बसलेला माणूस हातावर हात चोळत होता.

"नाना, बरं वाटत नाही का?"

"काय नाय मॅडम. घाईत आलो ना."

मी पुढे गेले. परत फिरून आले तर तो तसाच. आता रंगही बरा दिसत नव्हता. सावळ्या माणसाचा चेहरा उतरला की तो राखाडी दिसतो. आम्ही मुलींना हे शिकवतो, ओठ बघा, नखं बघा. मी त्याची नखं बघितली. पेन धरलेला हात बरा होता. डावा हात त्याने मांडीवर स्वेटरखाली ठेवला होता.

"पित्त झालंय," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "उपाशी निघालो सकाळी."

त्याची मदतनीस पुढच्या बाकावर होती. तिने वळून बघितलं, त्याने तिच्याकडे नुसती नजर टाकली, आणि ती परत पेपरात बघायला लागली. मला ते खटकलं. मी सुभेदारांजवळ जाऊन हळूच सांगितलं की या माणसाचं लक्षण मला ठीक दिसत नाही. ते म्हणाले, "मॅडम, परीक्षा का टेन्शन है. अच्छे-अच्छे जवानांना मी पेपर देताना घामाघूम झालेलं बघितलंय." तेही खोटं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ह्या जोडीला सगळ्यांत आधी घेऊ. पेपर संपताच त्यांना बोलावलं.

दोघं समोरच्या खुर्च्यांवर बसले. नाना जरा सावकाश बसला, खुर्चीच्या पाठीला धरून. सुभेदारांनी यादीतला पहिला प्रश्न न विचारता छातीत दुखण्याचा विचारला. माझ्या बोलण्यामुळे विचारला की योगायोगाने, ते मी त्यांना नंतर कधी विचारलं नाही.

"छातीत दुखतंय म्हणून पेशंटचा फोन आला. तुम्ही पोहोचलात. पहिल्यांदा काय बघणार?"

"घाम बघतो साहेब," नाना म्हणाला. "गार, चिकट घाम. मग विचारतो, दुखतं कुठं. एक बोट ठेवून जागा दाखवली तर वेगळं. अख्खी मूठ ठेवून दाखवली तर घाई करायची."

"आणखी?"

"दुखणं हातात उतरतं, डाव्या. जबड्यात चढतं. पाठीत जातं. मळमळतं." तो थांबला, श्वास घेतला. "अन् पेशंटला आतून वाटत राहतं का आपलं आता काय खरं नाय. तसं तोंडानं म्हणत नाय कोणी. पण डोळ्यात दिसतं."

त्याचा उजवा हात जबड्याखाली गेला होता आणि बोटं तिथे चोळत होती. सुभेदार कागदावर खूण करत होते, त्यांना ते दिसलं नाही.

"आणि पेशंटच म्हणाला, मला काही झालेलं नाही, तर?"

"नायच म्हणतो साहेब. सगळे पित्तच म्हणतात. गाडीत बसायला बी तयार नसतात."

हॉलमध्ये बाकीचे चहा पीत होते, हसत होते. मदतनीस बाई खाली पुतळ्याकडे बघत होती. मला आजही तिचा चेहरा आठवतो. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मी पेन खाली ठेवलं. "नाना, तुम्हाला आत्ता कुठं दुखतंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, घाबरूनही नाही. बसमध्ये आपलं गाव जवळ आलं की माणूस कंडक्टरला 'जरा पुढं थांबवा' म्हणतो, तसं तो म्हणाला, "एवढं होऊ द्या मॅडम. पुतळ्यावरचं तेवढं राहिलंय."

तोवर मी उठून त्याचं मनगट धरलं होतं. हात ओला आणि गार. नाडी माझ्या बोटांना लागली, निसटली, मग दोन ठोके घाईघाईने आले आणि परत काहीच नाही. मी त्याला म्हटलं, "आता खुर्चीतून हलायचं नाही." तो उठायलाच लागला होता.

तेव्हा ती बाई बोलली. "मॅडम, हे गाडीतच सांगत होते, छातीत भरून आलंय म्हणून. सिन्नर यायच्या आधी, नांदूर सोडल्यापासून. मी म्हटलं सरळ दवाखान्यात घ्या. तर म्हणाले, आपण दोघं पास नाय झालो तर गाडी उभी राहील. आमच्याकडं दुसरी गाडी नाय मॅडम. सिन्नरहून यावी लागती."

"तू गप," नाना तिला म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

मग हॉलला कळलं. सगळे एकदम धावले. कुणी आपल्या गाडीतून ऑक्सिजनचा मास्क आणला, कुणी ब्लडप्रेशरचं यंत्र, तिघांनी गोळ्यांची पाकिटं पुढे केली, दोघं स्ट्रेचरच्या दोन टोकांना धरून दारातच अडकले. "झोपवू नका, टेकवून बसवा." "खिडकी उघडा." "गोळी चावायला द्या, गिळायला नको." बरोबरच बोलत होते सगळे, पण एकाच वेळी, आणि त्या माणसावर वाकून. त्याला हवाच मिळत नव्हती. सुभेदार परेडवर ओरडावं तसे एकदाच ओरडले. सगळे मागे सरले. मी नानाला रक्त पातळ करणारी गोळी चावायला दिली. कुणाच्या तरी गाडीतल्या ईसीजी यंत्राच्या वायरी छातीला लावल्या. पट्टीवर उमटलेल्या रेषा बघितल्या आणि पट्टी घडी करून पदरात खोचली. सुभेदारांकडे बघितलं. त्यांनी फोन काढून हृदयरोगाच्या हॉस्पिटलला कळवायला सुरुवात केली.

नानाची गाडी सगळ्यांत शेवटी आल्यामुळे फाटकातच उभी होती. ती निघाल्याशिवाय दुसरी निघणार नव्हती. म्हणून तिच्यातच न्यायचं ठरलं. किल्ली त्याच्याच खिशात होती. त्याने ती काढून समोर उभ्या असलेल्या पायलटच्या हातात दिली आणि म्हणाला, "दुसऱ्या गिअरला जरा अडकती. ओढू नको, ढकल."

तो पायलट सुरगाण्याकडचा होता. घाटातल्या रस्त्यांवर गाडी चालवणारा. नाशिक शहर त्याला फारसं माहीत नव्हतं, हे गाडी रस्त्याला लागल्यावर कळलं. पण आता बदलायला वेळ नव्हता. मागे मी, ती मदतनीस बाई, आणि स्ट्रेचरवर पाठ उंच करून टेकवलेला नाना. ते ईसीजीचं यंत्रही बरोबर घेतलं, शॉक द्यायची सोय त्यातच होती. सुभेदार फोन कानाला लावून फाटकात उभे होते.

नाना छताकडे बघत होता. "इतकी वर्षं चालवली," तो म्हणाला, "मागून कधी बघितली नव्हती. लय हलते की."

मग त्याने पुढच्या पायलटला वाट सांगायला सुरुवात केली. मी गप्प राहा म्हटलं, पण तो ऐकेना. आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय ती वाट आम्हा कुणाला ठाऊक नव्हती. मी स्वतः शहरात रिक्षाने फिरणारी बाई. "द्वारका चौकात जाऊ नको. तिथं अडकलास का गेलास. अलीकडंच डावीकडं वळ, वडाळ्याकडून काढ." सायरन चालू होता. एक टेम्पो वाट देईना, नाना म्हणाला, "डिपर मार, हॉर्न नको, त्याला ऐकू येत नसंल." त्याचा आवाज बारीक होत चालला होता. दोन शब्दांच्या मध्ये जागा वाढत होती. ती बाई त्याचा हात धरून बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी मॉनिटरकडे.

"वडाळा गेलं? मग सरळ. पुढं एक कमान दिसंल. कमान दिसली का..."

तो थांबला. मला वाटलं श्वास घेतोय.

पुढून पायलटने विचारलं, "नाना, कमान आली. आता कुठं?"

मॉनिटरवरच्या रेषेचं नुसतं थरथरणं झालं होतं. नानाचे डोळे उघडेच होते.

"नाना? कुठं वळायचं?"

मी त्या बाईला म्हटलं, स्ट्रेचरची पाठ सपाट कर. ती हलली नाही. तिने नानाचा हात तसाच धरून ठेवला होता. मी तिच्या खांद्यावर जोरात थापट मारली आणि स्वतःच कळ ओढून स्ट्रेचर आडवं केलं. गुडघ्यावर उभी राहिले आणि दाबायला लागले. पुतळा आणि माणूस यात काय फरक असतो ते मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय. बरगडी मोडते तेव्हा तळहाताला कळतं. ते तेव्हाही कळलं.

"गाडी थांबव," मी ओरडले.

"मॅडम, आता थांबायचं?" पुढचा पायलट म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. असल्या वेळी पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. पण शॉक द्यायच्या यंत्राला हलत्या गाडीत हृदयाचा अंदाज घेता येत नाही. ते मी त्याला त्या क्षणी समजावून सांगू शकत नव्हते. मी परत ओरडले. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

सायरन चालूच राहिला. बाहेर लोक जमले. मागच्या काचेला एक मोबाईल चिकटला, मग आणखी एक. यंत्रातून एका बाईचा आवाज शांतपणे इंग्रजीत सूचना देत होता. आणि त्या आवाजाने की कशाने कोण जाणे, ती मदतनीस जागी झाली. तिने नानाचा शर्ट वरपासून खालपर्यंत फाडला, पायाशी टाकलेल्या त्याच्या स्वेटरने छातीवरचा घाम पुसला आणि शॉकच्या पट्ट्या नीट जागच्या जागी लावल्या. "बाजूला व्हा मॅडम," ती म्हणाली. मी हात काढले. नानाचं अंग स्ट्रेचरवर एकदा उसळलं.

काही झालं नाही. मी पुन्हा दाबू लागले. माझे हात भरून आले तेव्हा तिने मला अक्षरशः ढकललं आणि माझी जागा घेतली. ती मोठ्याने मोजत होती आणि मोजता मोजता रडत होती, पण दाब कमी होऊ देत नव्हती. यंत्राने परत थांबायला सांगितलं. परत शॉक. मग ती पुन्हा दाबायला वाकली आणि नानाने हात उचलून तिचं मनगट बाजूला ढकललं. डोळे मिटलेले, पण ढकललं. घोरल्यासारखा एक श्वास आला. त्यानंतर दुसरा यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता येत नाही.

तो आला. मी पुढे बघून म्हटलं, "चल." पायलटने विचारलं, "कुठं?" मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, ते बाहेर उभ्या असलेल्या लोकांपैकी एका मोटारसायकलवाल्याने ऐकलं. तो म्हणाला, माझ्या मागं या. मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलपर्यंत आम्ही त्याच्या लाल दिव्यामागे गेलो. हॉस्पिटलच्या दारात तो कधी निघून गेला ते कुणी बघितलं नाही.

नाना वाचला. रक्तवाहिनी उघडली, पण तोवर हृदयाचा बराच भाग गेला होता. संध्याकाळी त्याची बायको आणि भाऊ गावाहून जीपने आले. ती मदतनीस बाई आयसीयूच्या बाहेर जमिनीवर बसून होती. मी तिला वर खुर्चीत बस म्हटलं तर म्हणाली, "मला सगळं पाठ होतं मॅडम. आदल्या दिवशी नानांनीच घेतलं होतं माझ्याकडून पाठ करून. अन् वेळ आली तर मला त्यांचा हात सोडवेना." तिच्याजवळ जमिनीवर बसायला माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले.

थंडी संपता संपता मी सिन्नरच्या पुढे त्याच्या गावी जाऊन आले. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. निम्मा झाला होता. त्याने मला ओळखलं नाही. परीक्षेचा दिवस, तो हॉल, गाडीत मागे झोपणं, काहीच त्याच्या डोक्यात उरलं नव्हतं. त्या सकाळी सिन्नर ओलांडल्यानंतरचं सगळं पुसलं गेलं होतं. त्याची बायको म्हणाली, "या मॅडम हायेत, यांनीच तुम्हाला..." त्याने हात जोडले, लाजल्यासारखं हसला. गाडी चालवायला डॉक्टरांनी कायमचं बंद केलं होतं. चहा झाल्यावर तो मला गाडी दाखवायला घेऊन निघाला, दहा-बारा पावलांत धाप लागून थांबला. गाडी शाळेच्या भिंतीकडेला उभी होती. टपावर बाभळीचा पाला पडला होता.

"नवा पायलट बघतायत," तो म्हणाला. "मिळंल."

त्यानंतर मी आणि सुभेदारांनी परीक्षेत एक गोष्ट वाढवली. पेपर हातात द्यायच्या आधी प्रत्येक जोडीने एकमेकांची नाडी आणि ब्लडप्रेशर बघायचं. त्यातही परीक्षाच होती, पण खरं कारण आम्हा दोघांना माहीत होतं. सुभेदार त्या दिवसानंतर घड्याळाकडे कमी बघायला लागले होते. मी तर पेपर तपासायच्या आधी चेहरे बघायचे. हॉलमध्ये शिरताना कुणी रुमालाने मान पुसली तरी मी उठून त्याची नखं बघायचे. मार्च उजाडला, उकाडा सुरू झाला, आणि आता तर सगळेच घामाघूम होऊन यायला लागले.

शेवटच्या तुकडीत ती मदतनीस बाई पुन्हा आली. तिची तोंडी परीक्षा राहिली होती. बरोबर नवा पायलट होता, चाळिशीचा, धिप्पाड, डोळे तांबडे. तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडून परत बांधला, परत बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी जाऊन स्वतः मोजलं. त्या आकड्यावर माणूस पायावर चालत आला आहे, यावर विश्वास बसेना.

"डोकं दुखतं का?"

"दुखतंच की मॅडम, नेहमीचं हाय ते." तो हळू आवाजात म्हणाला, "लिहू नका एवढं. उतरंल थोड्या वेळात."

मी लिहिलं. त्याला म्हटलं, आज गाडी चालवायची नाही, मी डॉक्टरांना बोलावते. तो माझ्या हाताकडे बघत बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि उठला. शिंदे गावाच्या पुढे पुणे रस्त्यावर अपघात झाला होता, तीन माणसं रस्त्यावर पडली होती, असं म्हणाला. सुभेदार म्हणाले, "रुको, दुसरी गाडी जाईल." तो म्हणाला, "माझा फोन वाजला, मीच जाणार," आणि निघालासुद्धा. खरंच अपघात झाला होता की तो निसटायला बघत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

सुभेदार त्याच्यामागे फाटकाकडे धावले. ती बाई माझ्यासमोर उभी होती. तिने पिशवी खांद्याला लावली.

"तू जाऊ नकोस," मी म्हटलं.

"तिघं पडलेत म्हणतो मॅडम. अन् तो एकटा कसा जाईल?" ती म्हणाली. "मी पुढं बसते, त्याच्याशेजारी. मागं बसले तर त्याचं तोंड दिसत नाय."

ती पळत गेली. खिडकीतून मला गाडीचा दरवाजा उघडताना दिसला, मग सुभेदार बाजूला होताना, आणि मग फाटकाबाहेर सायरन सुरू झाला. हॉलमध्ये पुढची जोडी एकमेकांच्या दंडाला पट्टा बांधत होती. मी परत फिरले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.